कोल्हापूर विभागासाठी मत्स्यव्यवसायाचा प्रादेशिक व्यवस्थापक निवडताना

प्रादेशिक व्यवस्थापकाचे पद रिक्त झाले की कार्यालयात बहुधा मागच्या वेळची जाहिरात शोधली जाते, तारखा आणि वेतनस्तर बदलले जातात आणि मसुदा मंजुरीसाठी वर पाठवला जातो. सार्वजनिक मत्स्यसंस्थेतील निवडीचे पुढचे बरेचसे दोष या पहिल्याच पायरीवर मूळ धरतात, असे या कामात काही वर्षे घालवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. म्हणून जाहिरातीला हात लावण्यापूर्वी, आपला व्यवस्थापक वर्षाचे बारा महिने कोणत्या पाण्यावर, कोणाबरोबर आणि कोणते काम करणार आहे, हे दोन-तीन पानांत सविस्तर लिहून काढावे.

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे बंदरे, नौकांची नोंदणी आणि १ जून ते ३१ जुलै या काळातील सागरी मासेमारीबंदी यांभोवती रचलेले किनारपट्टीच्या कार्यालयाचे कार्यस्वरूप येथे जसेच्या तसे उतरवून घेण्यात काहीच हशील नाही. येथील व्यवस्थापकाचे काम राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव, चित्री यांसारखे जलाशय, गावोगावची तळी, शेततळी आणि पंचगंगा व तिच्या उपनद्या यांवर चालते. भोई समाजातील मच्छीमार, त्यांच्या सहकारी संस्था, धरणाचे पाणी सांभाळणारा जलसंपदा विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याशी त्याचा रोजचा संबंध येतो. पावसाळ्यापूर्वी मत्स्यबीजाची, म्हणजे पाण्यात सोडायच्या माशांच्या पिलांची, मागणी ठरवणे, पावसात मत्स्यजिऱ्यांपासून (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांपासून) अर्धबोटुकली आणि पुढे बोटुकलीपर्यंत (बोटाएवढ्या पिलांपर्यंत) बीज वाढवून घेणे, योग्य वेळी संचयन करणे, म्हणजे ते जलाशयात सोडणे, हिवाळ्यात उत्पादनाच्या नोंदी तपासणे, मार्चपूर्वी जलाशयांतील मासेमारीच्या ठेक्याच्या रकमांची वसुली आणि अनुदानाचा हिशेब पुरा करणे, आणि उन्हाळ्यात नदीचे पाणी आटून मासे मरू लागले तर त्याच दिवशी काठावर पोहोचणे, असा हा क्रम आहे. हे टिपण कार्यालयात बसून एकट्याने न लिहिता किमान दोन मच्छीमार संस्थांच्या सचिवांना आणि एका क्षेत्रीय कर्मचाऱ्याला वाचून दाखवावे, कारण कागदावर न आलेली कामे त्यांनाच ठाऊक असतात.

यानंतर पदाची वैधता तपासावी. पद मंजूर आकृतिबंधात, म्हणजे कार्यालयाच्या मंजूर पदांच्या आराखड्यात, आहे का, सेवाप्रवेश नियमांनुसार ते सरळसेवेने, पदोन्नतीने की प्रतिनियुक्तीने भरायचे आहे, आणि बिंदुनामावलीनुसार (आरक्षणाचा क्रम ठरवणाऱ्या तक्त्यानुसार) ते कोणत्या प्रवर्गाकडे जाते, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे नस्तीत (फाइलमध्ये) असल्याशिवाय पुढे जाऊ नये. संवर्गात एकूण पदे किती आहेत हेही मोजून घ्यावे, कारण एकाकी पदाला आणि अनेक पदांच्या संवर्गाला बिंदुनामावली सारखीच लावता येत नाही. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी ज्या करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, त्याच शहरात बसून आपण ही बिंदुनामावली केवळ तांत्रिक अडथळा म्हणून हाताळणे मला मनापासून खटकते. मागासवर्ग कक्षाकडून ती वेळेवर तपासून घेतली, तर जाहिरात रद्द करण्याची वेळही येत नाही.

अर्हता ठरवताना मत्स्यशास्त्राची पदवी हा सरळ आधार आहे. रत्नागिरीजवळील शिरगाव, नागपूर आणि उदगीर येथील मत्स्य महाविद्यालयांतून आणि मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतून प्रशिक्षित उमेदवार मिळतात. नियमांत तरतूद असेल तर प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि गोड्या पाण्यातील कामाचा अनुभव असणाऱ्यांनाही संधी द्यावी. अनुभवाच्या अटीत मात्र केवळ ‘पाच वर्षांचा अनुभव’ असे लिहू नये. जलाशयातील संचयन, मत्स्यबीज केंद्राचे व्यवस्थापन किंवा मच्छीमार संस्थांशी संबंधित काम यांपैकी काय मोजले जाईल, अनुभवाचा दाखला कोणी दिलेला चालेल आणि अर्धवेळ किंवा कंत्राटी सेवा धरली जाईल का, हे स्पष्ट करावे. एखाद्या ठरावीक व्यक्तीलाच बसेल अशी अट कितीही सभ्य शब्दांत घातली तरी ती उमेदवारांच्या लक्षात येते, आणि मग चांगले उमेदवार अर्जच करीत नाहीत.

जाहिरातीत मुख्यालय, फिरतीचे प्रमाण, वेतनस्तर, परिविक्षेचा कालावधी, निवडीचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचे गुण द्यावेत. छाननीसाठी एकच तक्ता वापरावा आणि अपात्र ठरलेल्या प्रत्येकाचे कारण त्यात एका वाक्यात नोंदवावे.

खरी परीक्षा त्यापुढे आहे, आणि तिच्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा. माझ्या अनुभवातील एका निवडीत, मुलाखतीत अतिशय छान बोललेल्या उमेदवाराची आम्ही एकमताने शिफारस केली. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या देखरेखीखाली प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतील बीज तळ्यावर पोहोचताच थेट पाण्यात सोडले गेले आणि त्यातील बरेचसे मेले. पिशव्या काही वेळ पाण्यावर तरंगत ठेवून आतले आणि बाहेरचे तापमान सारखे होऊ द्यायचे असते, ही त्या कामातील प्राथमिक गोष्ट आहे. ती चूक त्याच्याइतकीच आम्हा समितीची होती, कारण आम्ही त्याला पिशवीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून उमेदवारांना शक्यतो एक दिवस प्रत्यक्ष पाण्यावर न्यावे. मत्स्यबीज केंद्रावर बीजाची मोजणी करायला सांगावे: नमुन्याच्या एका पेल्यातील नग मोजून एकूण संख्या कशी काढतात, नमुना कुठून घेतात, आणि पुरवठादाराच्या चलनावरील आकडा व आपली मोजणी यांत तफावत आली तर ती कोणासमोर नोंदवतात, हे पाहावे. त्यानंतर एखाद्या संस्थेची, नावे झाकलेली, ठेक्याची खातेवही आणि अनुदानाचे प्रस्ताव त्यांच्यासमोर ठेवावेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिला लाभार्थींना ६० टक्के साहाय्य असे प्रमाण होते. प्रस्तावातील प्रवर्ग, मान्य खर्च आणि मागितलेली रक्कम यांचा मेळ बसतो का, हे उमेदवाराने कागद हातात घेऊन सांगावे.

मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत आणि अपेक्षित उत्तराचे मुद्दे आधीच लिहून ठेवावेत. उदाहरणार्थ असे विचारावे: जुलैचा शेवटचा आठवडा आहे, राधानगरी धरण भरत आले असून स्वयंचलित दरवाजे केव्हाही उघडतील, आणि त्याच दिवशी बीजाची गाडी दारात उभी आहे, तुम्ही काय कराल? जो उमेदवार ‘वेळापत्रकाप्रमाणे संचयन उरकून घेईन’ म्हणतो त्याला कागद समजतो, पण पाणी समजत नाही, कारण सोडलेले लहान बीज सांडव्यावरून विसर्गाबरोबर वाहून जाते. बीज संगोपन तळ्यात उतरवून वाढवणे, जलसंपदाच्या धरण शाखेकडून विसर्गाचा अंदाज घेणे आणि पाणी स्थिरावल्यावर बोटुकलीच्या आकाराचे बीज सोडणे, या दिशेने जाणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.

दुसरा प्रश्न पंचगंगेचा असावा. पहाटे मेलेले मासे पाण्यावर आल्याचा निरोप आला, काठावर लोक जमले आहेत आणि काहीजण ते मासे गोळा करून नेत आहेत, अशा वेळी पहिल्या तीन तासांत काय करावे? पाण्यातील विरघळलेला प्राणवायू सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो, म्हणून नमुना घेण्याची वेळ आणि जागा नोंदवणे महत्त्वाचे ठरते. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवणे, संयुक्त पंचनामा करणे, मेलेले मासे बाजारात जाऊ न देणे आणि कारण सिद्ध होण्यापूर्वी कोणाचेही नाव न घेणे, ही उत्तराची अंगे आहेत. उमेदवार मच्छीमारांच्या बुडालेल्या रोजगाराबद्दल स्वतःहून बोलतो का, हे मी नेहमी बारकाईने ऐकतो.

समितीत बाहेरचा एक विषयतज्ज्ञ, एक लेखाधिकारी, एक महिला सदस्य आणि मागासवर्गीय प्रतिनिधी असावेत. कोल्हापुरात पै-पाहुण्यांचे नाते कुठेना कुठे निघतेच. म्हणून प्रत्येक सदस्याने उमेदवारांची यादी पाहून नातेसंबंध किंवा व्यवहार नसल्याचे लेखी निवेदन द्यावे आणि तसा संबंध असल्यास समितीतून बाहेर राहावे. शिफारशीचे दूरध्वनी आले तर त्यांची तारीख व वेळ अध्यक्षांनी नस्तीत टिपून ठेवावी; ही नोंद ठेवली जाते हे कळले की दूरध्वनी पुष्कळ कमी होतात. गुण प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे, चर्चेपूर्वी, शाईने लिहावेत. माहितीच्या अधिकारात उद्या कोणी गुणतक्ता मागितला, तर तो संकोच न वाटता देता यावा.

निवड यादीबरोबर प्रतीक्षा यादीही मंजूर करून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे, जातवैधता, अनुभवाचे दाखले आणि चारित्र्य पडताळणी यांची जबाबदारी एकाच अधिकाऱ्याकडे द्यावी, आणि रुजू होण्याची तारीख शक्यतो मार्च किंवा एप्रिलमधील ठेवावी, म्हणजे नव्या व्यवस्थापकाला पहिल्या पावसापूर्वी सर्व जलाशय पाहून घेता येतील. कार्यभार हस्तांतरणाच्या वेळी प्रत्येक जलाशयाच्या ठेक्याची मुदत, थकबाकी, मागील संचयनाचे आकडे, न्यायप्रविष्ट प्रकरणे आणि संस्थांच्या सचिवांचे संपर्क यांची सही केलेली यादी त्याच्या हाती द्यावी, आणि त्याच्या पहिल्या दौऱ्यात जुन्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांपैकी एकाला सोबत पाठवावे.