घाटात इंजिन टकटकतंय, पिकअप अडखळतोय? जुन्या गाडीचं दुखणं शोधताना या चुका टाळा

सेकंड हँड घेतलेली २००४ सालची पेट्रोल हॅचबॅक घेऊन पहिल्यांदा साताऱ्याला निघालो आणि खंबाटकीच्या चढावर बोनेटखालून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात बारीक खिळे घालून हलवावेत तसा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढायचा, पाय उचलला की बंद. वर गाडी मध्येच झटका खायची. सपाट रस्त्यावर मात्र काहीच तक्रार नाही. पुढच्या दोन महिन्यांत मी प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले, फ्युएल फिल्टर नवा टाकला. आवाज होता तसाच राहिला.

कारण सापडलं ते डिकीत. एका वयस्कर मेकॅनिकने मॅट उचलली आणि रबरी बुचं लावलेली चार भोकं दाखवली. “साहेब, हिला सीएनजी होता. विकताना किट काढून घेतलंय.” सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि त्याचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप न भडकण्याची ताकद, १२० च्या आसपास असतो, म्हणून किट बसवताना टायमिंग, म्हणजे प्लगने ठिणगी टाकायची वेळ, पुढे घेतात (ठिणगी लवकर पाडतात). किट निघालं, पण त्यासाठी फिरवलेला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग, तसाच राहिला. ठिणगीबरोबर लुकलुकणारी टायमिंग लाइट इंजिनच्या पुलीवर धरली तर खूण स्टिकरवर दिलेल्या आकड्याच्या दहाएक अंश पुढे. शिवाय किटसाठी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, व्हॅक्यूम पाइपात घातलेला प्लास्टिकचा टी-जॉइंट तडकला होता आणि तिथून जादा हवा आत जात होती. नॉकिंग, म्हणजे तो खिळ्यांसारखा आवाज, टायमिंगमुळे, झटके या हवेमुळे. दोन्ही दुखणी एकाच जुन्या कामाची, आणि मी त्या कामाची चौकशीच केली नव्हती.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: गाडीचा इतिहास न बघता पार्ट बदलत सुटणं. आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी किंवा एलपीजी लिहिलंय का ते बघा. डिकीत सिलिंडरच्या ब्रॅकेटची भोकं, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) तोडलेल्या वायरी, इनटेकच्या पाइपात बसवलेले जोड शोधा. इंजिन कधी खोललं होतं का, हेड गॅस्केट कधी बदललं, हे आधीच्या मालकाला विचारा. हेड घासून बसवलं असेल तर कॉम्प्रेशन थोडं वाढतं आणि नॉकिंगचा धोकाही वाढतो.

आवाज नीट न ओळखणं

टकटक आवाज ऐकला की सगळे त्याला नॉकिंगच म्हणतात. पण टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, आवाज आयडलिंगलाही (गाडी उभी, इंजिन चालू) येतो आणि आरपीएमबरोबर वाढत जातो. सायलेन्सरवरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, सैल झाला तर एका ठरावीक आरपीएमला अगदी नॉकिंगसारखा खणखणतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस द्या. तोच आवाज आला तर तो बहुधा नॉकिंगचा नाही. नॉकिंग भाराखाली येतं: चढावर, चार माणसं बसल्यावर, एसी चालू असताना, वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने रेटताना.

खरं नॉकिंग म्हणजे काय होतं ते समजून घेतलं की पुढचा शोध सोपा जातो. प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला तिथून सगळीकडे शांतपणे पसरायला हवी. पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आधीच भडकलं तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळते. तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, टायमिंग जास्त पुढे, इंजिन तापलेलं, कार्बन साठलेला किंवा पेट्रोल कमी ऑक्टेनचं, यातलंच काही तरी असतं. यातल्या पहिल्या दोन कारणांनी पिकअपही अडखळतो. नॉकिंग आणि झटके जोडीने आले की मी आधी तिकडेच बघतो.

प्लग काढून न वाचता फेकून देणं

जुने प्लग म्हणजे गाडीचा रिपोर्टच. माझे मी दुकानात तसेच टाकून आलो, त्याचं आजही वाईट वाटतं. चारही प्लग कुठल्या सिलिंडरचा कुठला हे लिहून ठेवा आणि उन्हात धरून बघा. टोकाजवळचा पांढरा सिरॅमिक भाग फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक आणि फोड आल्यासारखा दिसला तर उष्णता जास्त आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय. त्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर नॉकिंग खरंच झालंय, आणि चंदेरी ठिपके पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे असू शकतात. तेलकट काळा प्लग म्हणजे ऑइल जळतंय.

नवा प्लग घेताना कोडवरचा आकडा बघा. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड प्रकारचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, होतो, बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. दुकानदाराने ‘चालेल हा’ म्हणून दिलेला गरम प्रकारचा प्लग घाटात नॉकिंग करू शकतो.

प्लग वायरींची तपासणी अंधारात करा. बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा, वायरींना हात लावू नका आणि स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. जिथून निळी ठिणगी बाहेर उडताना दिसेल ती वायर गेली. ‘भार आला की मिसिंग करते’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

पेट्रोलचा दाब उभ्या गाडीत मोजणं

गॅरेजमध्ये गेज लावलं, आयडलिंगला दाब बरोबर आला, ‘पंप ओके’ म्हणून सोडून दिलं. पण थकलेला पंप किंवा तुंबलेली जाळी भार आल्यावरच उघडी पडते. गेज सुरक्षित बांधून एक माणूस सोबत घ्या, चढावर गाडी चालवून काटा पडतो का ते बघा. बऱ्याच एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, गाड्यांत दाब ३ बारच्या जवळपास असतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. इंजेक्टरऐवजी जुना कार्बोरेटर असेल तर त्यातला मेन जेट आणि डायफ्राम आधी बघा.

‘इथेनॉलमुळेच होतंय’ म्हणून हात झटकणं

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९५ ठरलेला आहे, आधीच्या साध्या पेट्रोलचा ९१ होता. म्हणजे ऑक्टेनच्या हिशेबाने ई२०ने नॉकिंग कमी व्हायला हवं. पण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सर नसलेल्या किंवा बिघडलेल्या जुन्या गाडीत मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिकअप अडखळतो. टाकीतला जुना गाळही सुटून फिल्टरमध्ये येतो आणि जुने रबरी पाइप फुगतात. तेव्हा दोष इथेनॉलवर टाकून थांबू नका, फिल्टर आणि पाइप बघा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरून आवाज दाबणं. एकदा चाचणी म्हणून भरायला हरकत नाही. आवाज गेला तर नॉकिंग असल्याची खात्री झाली, पण टायमिंग किंवा कार्बन तिथेच आहे.

टायमिंग अंदाजाने फिरवणं

‘थोडं पुढे घेतलं की पिकअप येतो’ असं सांगणारे बरेच भेटतात. येतोही, आणि घाटात पिस्टन मार खातो. एमपीएफआय आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही असलेल्या बऱ्याच गाड्यांत आधी डायग्नोस्टिक कनेक्टर जोडून ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, टायमिंग स्थिर ठेवायला सांगावं लागतं, मगच लाइट धरून खूण जुळवायची. ते न करता जुळवलेलं टायमिंग चुकीचंच बसतं. नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर असलेल्या गाडीत त्याचा बोल्टही टॉर्क रेंचने, सांगितलेल्या मापातच आवळायला हवा.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह, काढून टाकलेल्या गाड्या आपल्याकडे खूप दिसतात. ‘गरम होत नाही’ म्हणून काढतात, पण इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि कार्बन साठत जातो. तो कार्बनच पुढे लालबुंद होऊन नॉकिंगला निमित्त होतो. नवा थर्मोस्टॅट बसवा, रेडिएटर साफ करा, फॅन वेळेवर चालू होतो का बघा.

कारण सापडेपर्यंत गाडी चालवावीच लागली तर चढाला चौथ्यात रेटू नका. वेळेवर तिसरा किंवा दुसरा टाका, एसी बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर आवाज थांबेल इतका सोडा. सततच्या जोरदार नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो आणि मग इंजिन खोलल्याशिवाय पर्याय राहत नाही. आवाजासोबत टेंपरेचरचा काटाही चढत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.