ली-एनफील्ड परत जोडताना: आधी दस्त्याचा बोल्ट समजून घ्या

नंबर १ मार्क ३ ली-एनफील्ड, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात ती, खोलायला सोपी वाटते आणि नेमकं तिथेच नव्या हातांकडून लाकूड फुटतं. भारतात हा बोअर प्रतिबंधित आहे, त्यामुळे हे काम शस्त्रागारात, संग्रहालयात किंवा परदेशात रीतसर परवाना असलेल्यांच्या टेबलावरच होतं. चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासलंय, असं गृहीत धरतो.

सगळ्यात मोठा फसवा भाग दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाच्या, आत आहे. दस्ता धरणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं. ते बॉडीच्या (रायफलीच्या मधल्या लोखंडी भागाच्या) सॉकेटमधून, म्हणजे दस्ता बसतो त्या खोबणीतून, पुढे निघतं आणि फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या, मागच्या टोकात बसवलेल्या लोखंडी पट्टीच्या खाचेत अडकतं. बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून केलेली ही सोय. पण फोरएंड जागेवर असताना मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून बोल्ट फिरवलात, तर चौकोनाचे कोपरे पट्टीला रेटतात, पट्टी लाकडाला, आणि लाकूड उभं चिरतं. शंभर वर्षं टिकलेलं अक्रोडाचं लाकूड अर्ध्या वळशात जातं. म्हणून खोलताना फोरएंड आधी, दस्ता नंतर. जोडताना दस्ता आधी, फोरएंड नंतर. यात सूट नाही.

जोडताना याच गोष्टीची दुसरी बाजू समोर येते. बोल्ट पूर्ण आवळला आणि चौकोन तिरका थांबला, तर फोरएंड बसणार नाही. तो ठोकून बसवू नका. चौकोनाच्या बाजू खाचेशी समांतर येईपर्यंत बोल्ट थोडा पुढे आवळा. चौकोन असल्यामुळे दर पाव वळशाला जुळणी येतेच, तेव्हा घाबरायचं कारण नाही. आणखी आवळला जात नसेल तर बोल्टच्या डोक्याखालचा वॉशर बदलून बघा, पण दस्ता सैल सोडून जुळवणी करू नका. बोल्टच्या मागे दस्त्याच्या भोकात चामड्याची गुंडी असते, तीही परत घाला.

आता फोरएंड. आत दोन ‘ड्रॉ’ असतात, म्हणजे बॉडीला टेकणारे लाकडाचे खांदे. गोळी सुटल्याचा धक्का तेच घेतात. बॉडीच्या त्या जागी दिव्याची काजळी पातळ लावा, फोरएंड दाबून बसवा आणि सरळ खाली ओढून काढा. नळीच्या टोकाकडून तरफ देऊन काढाल तर खांद्याचा कोपरा तुटतो. दोन्ही खांद्यांवर काळा ठसा सारखा हवा. एकाच बाजूला उमटला तर धक्का एकाच बाजूला जातो, त्या बाजूने लाकूड फाटतं आणि नेमही भरकटतो. फोरएंडचं मागचं टोक मात्र सॉकेटला टेकता कामा नये, जाड कागद सरकेल इतकी फट हवी. सैल खांद्यांवर इपॉक्सी ओतणं हा मला न पटणारा उपाय आहे. लाकडाची पातळ चकती चिकटवून कानशीने उतरवायला दोन संध्याकाळी लागतात, पण ती पुढे कधीही काढता येते.

पुढच्या टोकाला नोजकॅपजवळ (नळीच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या टोपणाजवळ) स्प्रिंगवरचा छोटा स्टड नळीला खालून वर रेटतो. सगळं बसल्यावर नळीचं तोंड बोटाने खाली दाबा, किंचित दबून परत वर आलं पाहिजे. न हललं तर नळी कुठेतरी लाकडात किंवा नोजकॅपमध्ये अडकलीय. इनर बँडच्या, म्हणजे नळीला मधे धरणाऱ्या आतल्या कड्याच्या, स्क्रूवरची स्प्रिंग बारीक असते आणि जमिनीवर पडली की सापडत नाही, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा.

या रायफलीत चाप ट्रिगर गार्डला पिनने जोडलेला असतो, हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. लाकूड आक्रसलं की गार्ड वर सरकतो आणि चापाचा पहिला टप्पा नाहीसा होतो. पहिला टप्पा तीन ते चार पौंड, दुसरा पाच ते सहा पौंड असा हवा. तो बिघडलेला दिसला की लगेच सिअरवर (चाप ओढेपर्यंत ठोका अडवून धरणाऱ्या खटक्यावर) दगड फिरवायला सांगणारे उस्ताद भेटतील. त्यांचं ऐकू नका. आधी पुढच्या गार्ड-स्क्रूची नळकांडी आणि तिच्याभोवतीचं लाकूड बघा, दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

शेवटी बोल्ट, पण दस्त्यातला नव्हे, तर हँडलने पुढेमागे होऊन चेंबर मिटणारा. त्याच्यावरचा नंबर बॉडीच्या नंबराशी जुळतो का बघा. या मॉडेलमध्ये बोल्टहेड (बोल्टचं पुढचं सुटं टोक) हाताने जुळवलेलं असतं. नंतरच्या नंबर ४ ली-एनफील्डसारखे त्याचे ठरावीक आकार मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या रायफलीचं हेड लावून चालवू नका. ०.०६४ इंच गेजवर, म्हणजे चेंबरमध्ये घालायच्या मापाच्या तुकड्यावर, बोल्ट सहज मिटला पाहिजे आणि ०.०७४ वर मिटता कामा नये. गेज लावताना जोर देऊ नका, बोटांच्या टोकांनी हँडल खाली आणा. ०.०७४ वर मिटलाच, तर ती रायफल गोळीसाठी नाही. भिंतीवर किंवा काचेच्या कपाटात मात्र ती दिमाखात राहील.