पेटी, फोल्डर, साल

मिनी ब्रूस प्रॅटचे कागद पाहायला मी अमेरिकेतल्या डरहॅमला, ड्यूक विद्यापीठाच्या रुबेनस्टाइन ग्रंथालयात गेले. तोवर छापील पुस्तकांवर काम करायची सवय होती. आर्काइव्हमध्ये, म्हणजे मूळ कागदपत्रं जपून ठेवणाऱ्या संग्रहात, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

प्रॅट कोण? १९४६ साली अलाबामातल्या सेल्मा गावी जन्मलेली कवयित्री आणि कार्यकर्ती. लग्न झालं, दोन मुलगे झाले. पुढे ती लेस्बियन म्हणून उघडपणे जगू लागली आणि मुलांचा ताबा गेला. ती तेव्हा राहत होती त्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचा कायदा समलिंगी संबंधांना ‘निसर्गाविरुद्धचा गुन्हा’ म्हणत असे. तेच शब्द तिने १९९० च्या कवितासंग्रहाला शीर्षक म्हणून दिले: ‘क्राइम अगेन्स्ट नेचर’. आपल्या कलम ३७७ मध्येही ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ असंच होतं, आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरून ते २०१८ मध्ये उठलं. ते शीर्षक पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि विषय तिथेच ठरला.

जाण्याआधी संग्रहाची सूची नीट वाचा. ती ऑनलाइन असते आणि कुठल्या पेटीत काय आहे ते सांगते. काही पेट्या दुसरीकडच्या गोदामात असतात, म्हणून काही दिवस आधी मागणी नोंदवावी लागते. प्रवासखर्चासाठी तिथल्या सॅली बिंगहॅम या स्त्री-इतिहास केंद्राचं मेरी लिली अनुदान आहे, त्याला अर्ज जरूर करा. रीडिंग रूममध्ये पेन चालत नाही, पेन्सिल न्या. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा, आतल्या कागदांचा क्रम जराही बदलायचा नाही.

पहिल्या दिवशी मी भराभर फोटो काढत सुटले. संध्याकाळी खोलीवर येऊन पाहते तर कुठला कागद कुठल्या पेटीतला, पत्ताच नाही! संदर्भ देता येत नसेल तर तो फोटो असून नसल्यासारखा. दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फोल्डरआधी पेटी आणि फोल्डरचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो घेऊ लागले.

नवखे लोक थेट कवितांच्या कच्च्या खर्ड्यांकडे धावतात. मीही धावले. पण प्रॅट ‘फेमिनरी’ या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लेस्बियन स्त्रीवादी नियतकालिकाच्या संपादक गटात होती. अशा बाईचं काम समजून घ्यायचं तर बैठकांची टिपणं, पत्रकं, छपाईची बिलं असले रुक्ष वाटणारे कागदही वाचायला हवेत. कोण कोणाबरोबर उभं राहिलं आणि पैसे कुठून जमले, ते कवितेत सापडत नाही.

सगळ्यात जपायचं ते दुसऱ्यांच्या पत्रांना. अशा कवयित्रीला अनोळखी बायका लिहितात, नवऱ्याला, आईला कधीच न सांगितलेलं. आपले कागद ठेवायला देण्याचा निर्णय कवयित्रीचा होता. या बायकांना कोणी विचारलेलं नसतं. त्यातल्या काही आजही हयात असतील. पत्र ग्रंथालयाच्या ताब्यात असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क सहसा लिहिणारीचा किंवा तिच्या वारसांचा असतो, म्हणून उतारा छापायला परवानगी लागते. पण कायदा आड येत नसला तरी मी नाव छापणार नाही. माझ्या वहीत अशा पत्रांपुढे पेटी, फोल्डर आणि साल एवढंच आहे.