सह्याद्रीच्या बेसाल्टमधून जुनं चुंबकीय क्षेत्र कसं वाचायचं

आधी जागा निवडा. डोंगरमाथा आणि कड्याचं टोक टाळा. तिथे वीज पडलेली असते आणि ती खडकाचं मूळ चुंबकत्व पुसून टाकते. होकायंत्र खडकालगत फिरवा, सुई वेडीवाकडी फिरली तर पुढे चला. घाटरस्त्याची ताजी कापणी उत्तम.

एका लाव्हाथरातून ६ ते ८ गाभे (भोक पाडून काढलेले दगडाचे दंडगोल) काढा, अंतर ठेवून. हिऱ्याचं बिट २.५ सेंमीचं, पाणी सतत चालू. गाभा तोडण्याआधीच त्यावर पितळी तारेने रेघ ओढा, कल आणि दिशा नोंदवा. तुटल्यावर रेघ ओढलेला गाभा म्हणजे नुसता दगड.

बेसाल्ट होकायंत्राला फसवतो, म्हणून सूर्य-होकायंत्रही वापरा: सावलीचा कोन, अचूक वेळ, अक्षांश-रेखांश. मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली उरतच नाही. सकाळी दहाच्या आत उरका.

प्रयोगशाळेत गाभ्याचे २.२ सेंमीचे तुकडे करा. चुंबकरोधी कक्षात टप्प्याटप्प्याने ५८०° सेल्सिअसपर्यंत तापवा, दर टप्प्याला मोजा. उरलेल्या चुंबकत्वाचा आलेख सरळ रेषेत शून्याकडे गेला तरच दिशा धरा.

दख्खनच्या बहुतेक थरांत उलटं (आजच्या तुलनेत उत्तर-दक्षिण अदलाबदल झालेलं) क्षेत्र मिळतं: आग्नेयेकडे, सुमारे ४५° खाली झुकलेलं. या झुकावाच्या कोनाचा टॅन (त्रिकोणमितीतला) भागिले दोन, म्हणजे अक्षांशाचा टॅन. उत्तर सुमारे २७° येतं, तेही दक्षिण, कारण उलटं क्षेत्र खाली झुकतं ते दक्षिण गोलार्धातच. भारत ६.६ कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या पलीकडे होता.