कसुरी मेथी घरात: पेरणं सोपं, वाळवणं नाही

बाजारातून मेथीची जुडी आणायची, निवडायची, गच्चीवर उन्हात टाकायची, झाली कसुरी मेथी. ही कृती मला दर हिवाळ्यात कोणी ना कोणी ऐकवतंच. त्यातून जे तयार होतं ती नुसती वाळलेली मेथी: पिवळट, कडू, वासाला गवतासारखी. कसुरी ही मेथीची बहीण खरी, पण वनस्पती वेगळी. साध्या मेथीला पांढरट फूल येतं, कसुरीला पिवळं. झाड बुटकं आणि पसरट, पान बारीक, बीही लहान. नाव पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या कसूर गावावरून पडलं, आणि आपल्याकडे पाकिटातून येते ती प्रामुख्याने राजस्थानातल्या नागौर भागातली. मुंबईत मिळणारी समुद्र मेथी तर ही नव्हेच. ती साधीच मेथी, वाळूत उगवून कोवळेपणी उपटलेली.

तेव्हा पहिली गोष्ट, बी कसुरीचंच घ्या. मसाल्याच्या डब्यातले मेथीदाणे पेरू नका.

लागवड सोपी आहे, पटकन उरकते. पुण्यात मी दिवाळीच्या आसपास पेरते. बी रात्रभर भिजवायचं, पसरट ट्रेमध्ये वीतभर माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळ खत भरायचं, बी विखरून वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरायची. साधी मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते, कसुरी आठवडा घेते. धीर सोडून ट्रे उकरू नका. माझ्या घराला उत्तरेची खिडकी, ऊन येत नाही, म्हणून 20 वॅटची एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगली आहे आणि टायमर लावून 12 तास चालवते. ट्यूब जास्त उंच गेली की रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात. पाणी माती वरून सुकल्यावरच, सकाळी. रोज शिंपडत बसलात तर मर, म्हणजे रोपं बुडाशी कुजण्याचा रोग, लागून सगळा ट्रे दोन दिवसांत झोपतो. वरखत देऊ नका. मेथी डाळवर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्राची सोय बरीचशी तीच करते. जास्त खत म्हणजे पान मोठं, पाणचट आणि बिनवासाचं.

साधारण सहा आठवड्यांनी पहिली कापणी. मातीच्या वर दोन बोटं सोडून कात्रीने कापा, उपटू नका. पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा मिळते. इथपर्यंत कोणालाही जमतं.

आता वाळवणं. मी दोन हिवाळे याच टप्प्यावर माती खाल्ली आहे, त्यामुळे इथे थोडं लांबण लावणार.

पहिल्या वर्षी चार दिवस सावलीत वाळवलेली मेथी हातात चुरली, मस्त कुरकुर वाजली. झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात भरली आणि अर्धी मोठ्या कौतुकाने ठाण्याला वहिनीकडे पाठवली. दहाव्या दिवशी तिचा फोन. "अगं, ही अशी मऊ का पडलीय? आणि वासही कुबट येतोय." मी ठाण्याच्या हवेवर ढकलून मोकळी झाले. संध्याकाळी सहज माझा डबा उघडला. वरचा थर ठीक होता. बोटाने बाजूला केला, तर मधे कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. ठाण्याच्या हवेचा काही संबंध नव्हता.

झालं होतं असं. मेथीचं पान पातळ असतं, ते लगेच सुकतं. देठ जाड, तो पाणी धरून ठेवतो. आपण पान चुरून बघतो, खूश होतो आणि डबा बंद करतो. बंद डब्यात देठातलं पाणी हळूहळू पानात उतरतं आणि काल कुरकुरणारं पान आज ओल्या कागदासारखं वाकतं. पान कुरकुरीत झालं म्हणजे मेथी वाळली, हे वाक्य जिथे दिसेल तिथून पुढे निघून जा. बघायचा तो देठ. दोन बोटांत धरून वाकवा. टक्कन तुटला तर वाळला. नुसता वाकला किंवा तुटताना धागा सुटला तर अजून पाणी आहे.

आता मी काय करते ते सांगते. कापणीच्या आदल्या संध्याकाळी झाडावरच पाण्याचा फवारा मारून पानं धुते, म्हणजे रात्रीत ती आपोआप निथळतात. कापून धुतलेली मेथी फडक्यात कितीही गुंडाळा, पानांच्या बेचक्यांत पाणी राहतं आणि नेमकी तिथेच ती काळी पडते. सकाळी कापायची आणि लगेच निवडायची. जाड काड्या आत्ताच काढा. वाळल्यावर काढू म्हणालात तर पानांचा चुरा हातात येईल आणि काड्या तशाच राहतील. फक्त पान आणि त्याचा बारीक देठ ठेवायचा.

पसरायला वर्तमानपत्र नको, ते ओल धरतं आणि शाई सोडतं. ताटही नको, खालून हवा लागत नाही. माझ्याकडे जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कपडे वाळत घालायच्या स्टँडवर ताणून बांधलेला आहे. पानं एकेरी थरात, पानावर पान शक्यतो नको. खोलीत अंधुक उजेड, पंखा एकवर, आणि तोही थेट पानांवर नाही, बाजूच्या भिंतीकडे. ऊन अजिबात नको. उन्हात हिरवा रंग दोन दिवसांत उडतो, आणि त्याबरोबर वासही. दिवसातून एकदा हलक्या हाताने उलटायची.

पुण्याच्या डिसेंबरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानं वाजायला लागतात. इथे थांबायचं, पण डबा काढायचा नाही. सगळी मेथी कागदी पिशवीत भरून तोंड दुमडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हात घातलात तर ती मऊ लागेल. घाबरू नका, देठातलं पाणी पानात आलंय, तेच हवं होतं. पुन्हा जाळीवर पसरा, संध्याकाळी पुन्हा पिशवीत. मला हे तीन वेळा करावं लागतं, जाड देठांची मेथी असेल तर चार. ज्या सकाळी ती पिशवीतून कुरकुरीतच निघते, त्या दिवशी काम झालं.

अंदाजावर माझा विश्वास राहिला नाही, म्हणून दुसऱ्या वर्षीच्या फजितीनंतर छोटा डिजिटल आर्द्रतामापक घेतला. काचेच्या बरणीत मेथी, तिच्यावर मापक, झाकण बंद, एक दिवस थांबायचं. आकडा 60 च्या वर असेल तर बुरशीला आमंत्रण, लगेच बाहेर काढा. 50 च्या खाली आला की मी निश्चिंत होते. स्वस्त मापक थापा मारतात, त्याला आधी तपासून घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घालून ते पाण्याचे चार थेंब टाकून ओलं करा, पाणी वर साचू देऊ नका. बूच आणि मापक एका घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसायला हवेत. माझा 81 दाखवतो, म्हणून मी प्रत्येक वेळी सहा वजा करते.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी वरचं सगळं करूनही शेवटचा टप्पा हवेवर सोडू नये. खोलीतच 70 टक्के दमटपणा असेल तर पान महिनाभर पंख्याखाली ठेवा, ते त्या हवेपेक्षा कोरडं होणार नाही. पहिले तीन दिवस जाळीवर ठेवा, मग कागदी पिशवीतून फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. त्या फ्रिजमधली हवा कोरडी असते. दूध मात्र झाकून ठेवा. आमच्याकडे एकदा राहिलं, तर सासूबाईंनी चहाचा पहिलाच घोट घेऊन कप खाली ठेवला आणि विचारलं, "आज चहाला फोडणी दिलीस का गं?"

मायक्रोवेव्हचं कोणी सांगेल. दोन मिनिटांत वाळते हे खरं, पण स्वयंपाकघरभर जो घमघमाट सुटतो तोच डब्यात राहायला हवा होता. शिवाय मधली पानं करपतात आणि कडेची ओली राहतात. एअर फ्रायरमध्ये हलकी पानं उडून वरच्या तापत्या कॉइलवर जाऊन बसतात, त्या वाटेला तर जाऊच नका. ओव्हन बऱ्याच घरांत 100 अंशांच्या खाली येत नाही. त्यात मेथी वाळत नाही, भाजते. भाजायची ती वापरताना, गरम तव्यावर चार सेकंद.

किती होते विचाराल तर मन घट्ट करा. मेथीच्या पानात 85 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. 100 ग्रॅम निवडलेल्या पानांची जेमतेम 15 ग्रॅम कसुरी हाती येते. माझ्या दोन ट्रेंच्या एका कापणीत जॅमची एक लहान बाटली भरते. बाटल्या लहानच घ्या, म्हणजे रोज उघडली जाणारी एकच असते. पानं अख्खी भरा, चुरा करू नका, तो वापरताना तळहातावर. बाटली अंधाऱ्या फडताळात, गॅसच्या वर नको. पहिला आठवडा दोन दिवसांनी एकदा झाकण उघडून नाक लावा. कुबट वास आला तर बुरशी दिसायची वाट न बघता टाकून द्या.

फेब्रुवारी सरता सरता उष्मा वाढला की झाडं फुलावर येतात आणि पानाला कडवटपणा चढतो. त्या कापणीची मी कसुरी करत नाही. तिचे थेपले लाटते.