ओल्या हळदीचं लोणचं: पाणी राहिलं तर बुरशी ठरलेली

जानेवारी ते मार्च सांगलीकडे हळदीची काढणी चालते, तेव्हाच ओली हळद ताजी मिळते. मधला जाड गड्डा नको, त्यात धागे जास्त. बाजूची टणक, मोडल्यावर गर्द केशरी दिसणारी बोटं घ्या.

पाव किलो हळद 10 मिनिटं पाण्यात ठेवा, खाचांतली माती सुटते. चमच्याने साल खरवडा. सुरीने गरही जातो. हाताला आधी तेल लावा, नाहीतर पिवळेपणा लवकर जात नाही. आता सगळ्यात महत्त्वाचं: सुती कापडावर सावलीत तासभर पूर्ण कोरडी करा. लोणचं बिघडतं ते इथेच.

पातळ चकत्या, 50 ग्रॅम आल्याचे काप, 30 ग्रॅम मीठ, थोडी भरडलेली मिरी काचेच्या कोरड्या बरणीत भरा. चकत्या बुडतील इतका लिंबाचा रस घाला; वर राहिलेल्या फोडीलाच आधी पांढरी बुरशी येते. दोन दिवस बरणी हलवत राहा, मग फ्रीजमध्ये ठेवा. महिनाभरात संपवा.

ज्वारीच्या भाकरीवर तेल किंवा तूप घेऊन चमचाभर खा. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, स्निग्ध पदार्थ आणि मिरीसोबत अंगी जास्त लागतं. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.