आजारातून उठून साताऱ्याच्या घाटात पळायला जाताना

सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असते आणि त्याच्या आधीचे दोन महिने आपल्याकडे डेंग्यूचे असतात. नोंदणी करताना हे गणित कुणी मांडत नाही. जागा भराभर भरतात म्हणून आपण काही महिने आधीच पैसे भरून मोकळे होतो आणि मग ऑगस्टात अंथरुणात पडून पंख्याकडे बघत दिवस मोजतो.

मी सांगलीची. या शर्यतीला आजारातून उठून दोनदा गेले. पहिल्यांदा टायफॉइडनंतर हट्टाने पूर्ण पळाले आणि पुढचा महिनाभर जिने चढताना कठड्याला धरत होते. दुसऱ्यांदा डेंग्यूनंतर गेले आणि घाटात थोडे चढून वळून आले. दुसरी खेप मी शहाण्यासारखी केली, कारण त्या वेळी जायची तयारी कमी आणि परत फिरायची जास्त केली होती.

सांगलीहून साताऱ्याला निघालो की पेठ नाका येतो, मग कऱ्हाडच्या पुढे तासवड्याचा टोलनाका. आजारानंतरच्या शर्यतीलाही मी असे नाके लावते. प्रत्येक नाक्यावर एक प्रश्न. उत्तर मनासारखे आले नाही की गाडी तिथूनच वळवायची, पुढच्या नाक्यावर बघू म्हणायचे नाही.

पहिला नाका : दवाखाना

डॉक्टरांना ‘पळू का?’ असे विचारू नका. ‘सांभाळून पळा’ असे गुळमुळीत उत्तर येते आणि आपल्याला तेवढेच हवे असते. असे विचारा : ‘अमुक तारखेला २१.१ किलोमीटर आहे. गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वरून वळायचे आणि त्याच रस्त्याने खाली यायचे. म्हणजे साधारण अर्धा रस्ता चढ, अर्धा उतार. मला अडीच-तीन तास लागतात. चालेल?’ एवढे ऐकल्यावर डॉक्टर चष्मा काढून नीट बघतात.

कोणता आजार होता यावर बरेच अवलंबून आहे. नुसती सर्दी, शिंका, नाक गळणे इतकेच असेल तर हलके पळायला सहसा हरकत नसते. तक्रार मानेच्या खाली उतरली, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, ताप, जुलाब असले, की पळणे पूर्ण बंद. पळणाऱ्यांमधला हा जुना ठोकताळा आहे आणि बहुतेक वेळा तो पुरतो.

डेंग्यूत लोक प्लेटलेटच्या आकड्यावर फार जीव टाकतात. दीड लाखाच्या वर गेल्या की घरात पेढे. पण प्लेटलेट आठवडाभरात सावरतात आणि थकवा पुढे कित्येक आठवडे राहतो. शिवाय डेंग्यूत ताप उतरतो तेच दिवस जपायचे असतात, गुंतागुंत बहुधा त्याच एक-दोन दिवसांत होते. टायफॉइड दोन-तीन आठवड्यांनी उलटू शकतो, म्हणून बरे वाटले तरी औषधांचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही. चिकुनगुनियाने सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात. तशा गुडघ्यांनी घाट उतरणे म्हणजे स्वतःशी वैर.

आता दोन गोष्टी, ज्या मला पहिल्या खेपेस कुणी सांगितल्या नाहीत.

एक म्हणजे हृदय. विषाणूच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. फार जणांना येत नाही, पण आली असताना जोराचा व्यायाम केला तर जिवावर बेतू शकते. छातीत दुखणे, धडधड, चक्कर, थोडे चालूनही धाप, यातले काही असेल तर ईसीजी आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या झाल्याशिवाय बूट बांधू नका. सूज निघालीच तर तीन ते सहा महिने पळणे बंद ठेवायला सांगतात, आणि त्यात घासाघीस करायची नसते.

दुसरी म्हणजे औषधाची पट्टी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स घेतली असतील तर डॉक्टरांना तसे मुद्दाम सांगा. त्यांनी टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, दुखावू शकते, क्वचित तुटतेही, आणि हा धोका गोळ्या संपल्यावरही काही आठवडे, कधी महिने राहतो. घाट चढताना नेमका तिच्यावरच ताण येतो. तिथे दुखू लागले असेल तर विषय संपला.

दुसरा नाका : सकाळची नाडी

यासाठी घड्याळ सोडून काही लागत नाही. जाग आली की उठायच्या आधी, चहाच्या आधी, मोबाईलच्या तर नक्कीच आधी, मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहा. आजाराच्या आधीचा आपला आकडा ठाऊक असेल तर उत्तम. माझा ५८. डेंग्यूनंतर तो ७२ होता, हळूहळू ६५ वर आला आणि तिथेच अडून बसला. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर शरीर अजून आतल्या दुरुस्तीत गुंतलेले आहे असे मी धरते आणि त्या दिवशी फक्त चालते.

ताप गेल्यावर, तोही पॅरासिटामॉल न घेता गेल्यावर, निदान आठवडाभर रोजची कामे न दमता व्हायला हवीत. बाजारातून भाजी आणणे, दोन मजले चढणे वगैरे. मग वीस मिनिटे चालणे. मग चालता चालता मधे एकेक मिनिट पळणे. वेग एवढाच, की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटले की चाला.

सांगलीकरांची अडचण अशी की इथे चढ नाही. हरिपूरचा रस्ता झाडांच्या सावलीतला, पळायला छान, पण सपाट. आयर्विन पुलाला आम्ही चढ म्हणतो यावरूनच काय ते समजा. सरावाला लोक मिरजेपलीकडच्या दंडोबाच्या डोंगरावर जातात. आजारानंतर तिथे एकदा तरी जाऊन यावे, आणि चढून बघण्यापेक्षा उतरून बघावे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. अंथरुणात पडून ते आधीच झडलेले असतात. दुसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताना हात टेकावे लागले तर यवतेश्वरचा उतार तुमच्यासाठी नाही.

माझी अट अशी : शर्यतीच्या दहा दिवस आधी १२ किलोमीटर, चालत-पळत का होईना, आरामात व्हावेत आणि दुसऱ्या सकाळी नाडी जागेवर असावी. ही अट माझी, कुठल्या शास्त्रात लिहिलेली नाही. पण ती कागदावर लिहून फ्रीजवर लावली की घरचे लक्ष ठेवतात. माझ्या मुलाने त्या कागदाखाली ‘नापास’ लिहून ठेवले होते.

नापास झालात तर आयोजकांना लगेच विचारा : नोंदणी पुढच्या वर्षी सरकवता येते का? नियम स्पर्धेगणिक वेगळे असतात. फक्त आपला बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, दुसऱ्याला देऊन पळायला लावू नका. त्याला वाटेत काही झाले तर त्या नंबरापुढे नाव, रक्तगट, घरचा फोन सगळे तुमचे निघते.

तिसरा नाका : प्रवास

सगळ्या अटी पुऱ्या झाल्या, किंवा नुसते गावातून थोडे पळून मित्रमंडळींना भेटून यायचे ठरले, तर प्रवास नीट आखा. सांगली-सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. धडधाकट माणूस पहाटे गाडी काढून जातो, पळतो आणि दुपारी परत येतो. आजारातून उठलेल्याने हे करू नये. बहुतेक ठिकाणी बिब आदल्या दिवशी स्वतः जाऊन घ्यावा लागतो, त्यामुळे शनिवारी सकाळी निघून दुपारपर्यंत पोचलेले बरे.

रेल्वेने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा : सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे. पुढे रिक्षा किंवा बस बघावी लागते. एसटी थेट गावात सोडते, पण खिडकीतून भिजायची तयारी हवी. स्वतःची गाडी असेल तर परतीला चालवणारा दुसरा माणूस बरोबर घ्या. दमलेल्या पायाने ब्रेक मारत तासवडे, कऱ्हाड, पेठ करत सांगली गाठणे हे पळण्याहून धोक्याचे आहे. परतीचे आरक्षण रविवारी दुपारचे घ्या, म्हणजे शर्यत सोडून दिलीत तरी कुणाची पंचाईत होत नाही.

पिशवीत वेगळे काय घ्यायचे? थर्मामीटर. औषधे मूळ पट्टीसकट. शेवटच्या रक्ततपासणीचा कागद, आणि त्याचा मोबाईलमध्ये फोटोही. कपड्यांचा पूर्ण कोरडा जोड, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, कारण सप्टेंबरात त्या घाटात धुके आणि भुरभुर नेहमीची. ओआरएसची पाकिटे. आणि तासगावचे बेदाणे. पळताना ताकदीसाठी खायच्या जेलच्या महागड्या पुड्यांपेक्षा मला ते बरे वाटतात. आजारानंतर पोट हळवे असते, त्याला ओळखीची वस्तू द्यावी.

मुक्काम सुरुवातीच्या जागेपासून चालत जाता येईल असा शोधा. शर्यतीच्या सकाळी रस्ते बंद असतात.

चौथा नाका : शनिवारची रात्र

नातेवाइकांकडे उतरलात तर हा नाका सर्वांत अवघड. माझ्या वन्सं साताऱ्यात असतात. मी मऊ भात, तूप आणि मेतकूट मागितले तर म्हणाल्या, ‘वहिनी, आधीच वाळून काटकी झालाय. नुसत्या भातावर घाट चढणार?’ आणि पुढ्यात रस्सा ठेवला. मी तो रविवारच्या दुपारसाठी राखून ठेवायला लावला. घरून निघतानाच फोन करून काय खाणार ते सांगून ठेवा, म्हणजे ताटावर वाद होत नाही. कंदी पेढेसुद्धा परतीच्या वाटेवर.

झोपण्याआधी ताप मोजा. बरोबरच्या माणसाला सांगून ठेवा की सकाळी निर्णय दोघांचा. एकट्याने घेतलेला निर्णय नेहमी पळायच्या बाजूने पडतो.

पाचवा नाका : रविवारची पहाट

ताप, नाडी, लघवीचा रंग. पहिले दोन आकडे ठीक असले आणि लघवी फिकट असेल तर पुढे. कणकण वाटतेय म्हणून पॅरासिटामॉल घेऊन पळणे म्हणजे धुराची घंटा बंद करून स्वयंपाक करणे. ब्रुफेनसारखी वेदनाशामके तर मुळीच नकोत. घाम गेलेला असताना ती मूत्रपिंडाला जड जातात, आणि डेंग्यूच्या रुग्णाला डॉक्टर ती तशीही देत नाहीत.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. चिमूटभर पेल्यात टाकून उपयोग नाही. नुसते पाणीही ढोसू नका, फार झाले तर रक्तातले मीठ पातळ होते. तहानेप्रमाणे घोट घोट घ्या.

शेवटचा नाका : घाटाची सुरुवात

गर्दीत मागे उभे राहा. ढोल वाजतात, सातारकर रस्त्याच्या दोन्ही कडेला उभे राहून टाळ्या देतात, लहान पोरे हात पुढे करतात आणि आपण आजारी होतो हे पाय विसरतात. समर्थ मंदिराच्या बाजूला पोचेपर्यंत निम्म्या लोकांनी जास्तीचा वेग घेतलेला असतो. तुम्ही बोलत राहा. बरोबर कुणी नसेल तर पाढे म्हणा. मी तेराचा म्हणते, त्यात श्वास आणि डोके दोन्ही तपासले जातात.

घाट सुरू झाला की सरळ चाला. चांगले पळणारेही इथे चालतात, कुणी हसत नाही. पुढे जायचे की वळायचे, हा प्रश्न पहिल्या काही वळणांतच स्वतःला विचारून घ्या, वर गेल्यावर नको. याला कारण आहे. शर्यत चालू असताना घाटरस्ता वाहनांना बंद असतो, रिक्षा येणार नाही. जेवढे चढलात तेवढे त्याच पायांनी उतरायचे, नाहीतर रुग्णवाहिकेतून. त्यातल्या त्यात सोय अशी की जायचा-यायचा रस्ता एकच असल्याने कुठूनही वळता येते.

छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम असूनही थंडी वाजली किंवा धाप चालतानाही बसेना, तर वळून खाली जायच्या भानगडीत पडू नका. तिथेच बसा आणि जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारा. नुसताच थकवा असेल तर कडेने वळा, आणि पुढच्या पाण्याच्या टेबलावर नंबर सांगून ‘मी सोडतेय’ असे कळवा. नाहीतर संध्याकाळपर्यंत तुम्हाला घाटात शोधत बसतील. बिबला वेळ मोजायची चिप असते, तो काढून खिशात ठेवा आणि शेवटच्या कमानीखालून जाऊ नका. पदकाची ओढ मलाही होती. त्या दिवशी कमान टाळून मागच्या गल्लीने गेले.

मग लगेच कोरडे कपडे. ओल्या बनियनवर फोटो काढत उभे राहिल्याने पडसे घेऊन परतलेले बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत. तासाभरात काहीतरी खा. रस्सा आता चालेल.

घरी आल्यावर पुढचे तीन दिवस सकाळची नाडी आणि संध्याकाळचा ताप लिहीत राहा. लघवी चहासारखी गडद झाली किंवा ताप पुन्हा आला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि हरिपूर रस्त्याला पुन्हा कधी जायचे ते कॅलेंडरच्या चौकटीतला आकडा बघून ठरवा. माझा आकडा त्या सोमवारी ६६ होता, म्हणून मी शुक्रवारपर्यंत बूट उन्हात वाळत ठेवले.